कान वाजला म्हणजे कान गेला?

लग्नसराईत नागपूरजवळच्या खाप्यात वरातीपुढे धुमालचा ताफा असतो, नाहीतर डीजेची गाडी. गल्ल्या जुन्या, घराला लागून घर, आवाजाला पसरायला जागाच नाही. तासभर त्या गाडीपुढे नाचून आलेला पोरगा रात्री अंथरुणावर पडतो, तेव्हा त्याच्या ध्यानात येतं की दोन्ही कानांत काहीतरी बारीक वाजून राहिलं आहे. "झोप बापू, सकाळपर्यंत जाते," माय म्हणते. पोरगा झोपत नाही. तो फोन उघडतो आणि अर्ध्या तासात त्याला निकाल मिळतो: कान वाजला म्हणजे आतल्या पेशी मेल्या; मेलेल्या पेशी परत येत नाहीत; म्हणजे हा आवाज आता जन्माचा.

हा निकाल चुकीचा आहे. शिकलेल्या घरांत तो आता जवळजवळ सर्वमान्य झालेला आहे आणि त्याला शास्त्राचं पाठबळ आहे असं समजलं जातं, म्हणून तो नीट तपासायला हवा. माझं म्हणणं असं की माय जे बोलली ते शास्त्राच्या अधिक जवळचं आहे, आणि पोराला मिळालेला निकाल नुसता चुकीचाच नाही, तर ज्या त्रासाचं तो भाकीत करतो तोच त्रास ओढवून आणणारा आहे.

हद्द आधी आखून घेऊ. इथे बोलतोय ते थोड्या वेळाच्या मोठ्या आवाजानंतर येणाऱ्या हलक्या गुणगुणीबद्दल: दोन्ही कानांत, शांततेतच जाणवणारी, बरोबर थोडे दडे बसल्यासारखं वाटलं तरी एक-दोन दिवसांत मोकळं होणारं. कानाशी फटाका फुटला, एकच कान अचानक बंद पडला, चक्कर येऊ लागली, ही प्रकरणं वेगळी. त्यांच्याकडे पुढे येतो.

पूर्वपक्ष पातळ करून खोडण्यात अर्थ नसतो, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली एक नळी आहे. तिच्यात प्रत्येक कानाला सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. ही पुंजी जन्माची. पक्ष्यांच्या कानात अशा पेशी नव्याने उगवतात, माणसाच्या नाही. पूर्वी अशी समजूत होती की मोठ्या आवाजाने आलेला तात्पुरता बहिरेपणा उतरला, ऑडिओग्राम पूर्ववत झाला, की कान बरा झाला. २००९ साली बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी या समजुतीला सुरुंग लावला. त्यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. दोनेक आठवड्यांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशी शाबूत राहिल्या, पण त्या पेशी आणि मेंदूकडे जाणारी नस यांच्यामधले जोड ज्या भागाला मार बसला तिथे निम्म्याच्या आसपास तुटलेले निघाले. ते पुन्हा जुळले नाहीत, आणि पुढे महिन्यामहिन्यांनी त्या नसाही झिजत गेल्या. म्हणजे चाचणीत कान चांगला, आतून मात्र गळती लागलेली. भीती बाळगणाऱ्यांचं हे सर्वांत धारदार शस्त्र आहे आणि ते खरं शस्त्र आहे. या प्रयोगाने कानाच्या शास्त्राची दिशा बदलली हे मी मान्यच करतो.

मान्य करत नाही ते त्यावरून काढलेलं अनुमान.

पहिली गोष्ट, गुणगुण हे इजेचं माप नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकण्यात कोणताही दोष नसलेली ८० माणसं एकेक करून आवाजबंद खोलीत बसवली आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं: भुणभुण, शिट्टी, घंटेसारखा नाद. हे आवाज कानाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणारे रुग्ण सांगतात त्यांच्यासारखेच होते. कान पुरेशा शांततेत ठेवला की बहुतेकांना काहीतरी ऐकू येतं. रात्री दोन वाजता खाप्याची गल्ली निजलेली असताना कान देऊन पडलेला पोरगा नकळत तोच प्रयोग स्वतःवर करत असतो. पुढे २०१२ मध्ये शेटे, टर्नबुल आणि मन्रो यांनी निरोगी माणसांच्या एका कानात सात दिवस बोळा ठेवायला लावला. १८ पैकी १४ जणांना त्या दिवसांत कानात नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. बोळा काढला, आवाज गेले. इथे एकही पेशी मेली नव्हती, कसलाही मोठा आवाज नव्हता. कानाकडून येणारा संदेश तेवढा क्षीण झाला आणि मेंदूने आपल्या बाजूने आवाज वाढवून घेतला.

वरातीनंतर होतं ते बरंचसं असंच. बाहेरच्या केशपेशी दमतात, जोडांपाशी रसायनांचा लोट आल्याने सूज येते, थोडा काळ कानाकडून येणारी आवक घटते आणि मेंदू ती तूट भरून काढू पाहतो. आवक पूर्ववत झाली की ही उसनी वाढ ओसरते. काहींना यासाठी रात्र पुरते, काहींना दोन-चार दिवस लागतात, क्वचित काही आठवडे.

सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले, त्यांत कर्णनाद वेगळा आणि बाधिर्य वेगळं. कर्णनादाच्या रुग्णाला नाना प्रकारचे आवाज ऐकू येतात, असं त्याचं वर्णन आहे. कान वाजणं आणि कान जाणं या दोन बाबी आहेत एवढं तरी आपल्या वैद्यांना ठाऊक होतं; त्या दोघांची गाठ आज मारली जाते आहे.

आता उंदरांकडे. उंदराचा कान माणसाच्या कानापेक्षा आवाजाला कितीतरी हळवा आहे. लिबरमन यांच्याच गटाने २०१७ मध्ये मकाक माकडांवर काम केलं, तेव्हा नुसता तात्पुरता बहिरेपणा आणायलाही उंदरांपेक्षा बराच मोठा आवाज, तोही चार तास, द्यावा लागला. माकड आपल्याला उंदरापेक्षा जवळचं. त्याच वर्षी मँचेस्टरला प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी १८ ते ३६ वयाच्या, ऑडिओग्राम चांगला असलेल्या १२६ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. आयुष्यात कोणी किती मोठा आवाज ऐकला याचा हिशेब एका बाजूला आणि श्रवण-नसेची विद्युत-चाचणी दुसऱ्या बाजूला. तुटलेल्या जोडांची जी खूण दिसायला हवी होती, ती दिसली नाही. याच्या उलट, मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांत आवाजात आयुष्य घालवलेल्यांच्या नसा अधिक झिजलेल्या आढळल्या आहेत, हेही सांगायला हवं. पण तो पुरावा वर्षानुवर्षांच्या आवाजाचा आहे. एका संध्याकाळच्या वरातीवरून, हलकी गुणगुण आहे एवढ्याच खुणेवरून, ‘माझे निम्मे जोड तुटले’ असा निष्कर्ष काढायला आजच्या शास्त्रात आधार नाही.

याशिवाय एक कोष्टक भीतीच्या बाजूने फार वापरलं जातं. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं आणि १०६ ला चार मिनिटांहून कमी. पोरगा हे वाचतो, डीजेपुढे तासभर नाचलेला असतो, आणि त्याचं काळीज बसतं. पण हे कोष्टक कशाचं आहे? रोज एवढा आवाज, आठवड्याचे कामाचे दिवस, आणि अशी ४० वर्षं. एवढं करूनही ८५ डेसिबलवर काम करणाऱ्यांत आवाजापायी कान दुखावण्याचा जादा धोका ८ टक्के धरलेला आहे. एका रात्री मर्यादा ओलांडली की कान गेला असं ते कोष्टक कुठेही म्हणत नाही. चाळीस वर्षांच्या हिशेबातली एक नोंद आहे ती.

मला जास्त लिहायचं आहे ते या निकालामुळे पोरगा पुढे काय करतो त्याबद्दल, कारण खरं नुकसान तिथे आहे. तो दर तासाला तपासतो. उजवा कान बोटाने बंद करून डावा ऐकतो, मग डावा बंद करून उजवा. उशी कानाशी दाबून बघतो. जबडा पुढे काढून आवाज बदलतो का ते पाहतो. बदलतो, कारण जबड्याच्या आणि मानेच्या संवेदना श्रवणमार्गाला जाऊन मिळतात आणि हे कित्येकांत होतं, पण त्याला ते नवं लक्षण वाटतं. फोनवर बारीक शिट्टीचे सूर लावून आपला सूर कोणता ते जुळवतो, आणि त्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवत नेतो. सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम म्हणजे आहे की गेला हे पाहणं. तिसऱ्या दिवशी तो मेडिकलमधून फोमचे बोळे आणतो आणि घरातही घालून बसतो: मिक्सर लागला की, कुकरची शिट्टी झाली की, शेजारच्याने मोटारसायकल सुरू केली की.

यातली प्रत्येक कृती गुणगुण पक्की करणारी आहे. १९८४ साली हॅलम, रॅकमन आणि हिंचक्लिफ यांनी असं मांडलं की कर्णनादाची सवय होणं हीच स्वाभाविक वाट आहे. मेंदू घड्याळाची टिकटिक जशी गाळून टाकतो तसा हाही नाद गाळून टाकतो, फक्त त्या नादाला धोक्याचा अर्थ चिकटला नसला पाहिजे. १९९० मध्ये यास्त्रेबॉफ यांनी याचाच मज्जाशास्त्रीय आराखडा मांडला: श्रवणमार्गातला बारीकसा संदेश भीतीच्या आणि सावधपणाच्या केंद्रांशी जोडला गेला की तो पुढे रेटला जातो, आणि मग झोप उडते, मन लागत नाही, चिडचिड होते. दवाखान्यात कर्णनादाची पातळी बाहेरच्या सुराशी जुळवून मोजतात. ती बहुधा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडेच डेसिबल वर निघते, आणि ज्याची पातळी जास्त त्यालाच त्रास जास्त असा सरळ संबंध आढळत नाही. २०२२ च्या एका जागतिक आढाव्यानुसार १४ टक्क्यांच्या आसपास प्रौढांना कर्णनादाचा अनुभव आहे आणि तीव्र त्रास असलेले सुमारे २ टक्के. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या कानात नाद आहे, आयुष्यात तो मोठा प्रश्न नाही. बोळ्यांबद्दलही प्रयोग झालेला आहे: फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये काही जणांना दोन आठवडे बोळे घालायला दिले, काहींना हलका आवाज ऐकत राहायला सांगितलं. बोळेवाल्यांची आवाज सोसण्याची ताकद घटली, दुसऱ्यांची वाढली. मोठ्या आवाजात बोळा हवाच. भाजीच्या फोडणीला बोळा घालणं म्हणजे कान अधिक हळवा करून घेणं.

‘मी काळजी करत नाही, सावध राहतो’ असं यावर उत्तर येतं. सावधपणा आवाजाबद्दल असेल तर तो हवा. नादाबद्दलचा सावधपणा ही पहारेदारी आहे, आणि जिथे पहारा असतो तिथे मेंदू धोका आहे असंच धरून चालतो. आपल्याकडे आत वाजणाऱ्या नादाकडे लक्ष लावण्याची एक वेगळी परंपरा आहे. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान आहे, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अनाहताचा उल्लेख आहे. योग्याचा नाद आणि या पोराचा नाद एकच, असा माझा दावा नाही. पण आतून येणारा आवाज माणसाला भयाविनाही ऐकता येतो, त्यात तो स्थिरही होऊ शकतो, ही साक्ष आपल्या भाषेत सातशे वर्षांपासून आहे.

गोळ्यांचंही बोलून घेऊ, कारण भीतीच्या मागोमाग गोळ्या येतात. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये कर्णनादासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत गिंको बायलोबा, मेलॅटोनिन, झिंक यांची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. टिकून राहिलेल्या आणि त्रास देणाऱ्या नादासाठी शिफारस आहे ती विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचाराची, आणि ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्राची. लसणीचं गरम तेल तर कानात घालूच नये. पडद्याला भोक असेल तर ते सरळ आत जातं. पहिल्या काही दिवसांत करायचं ते इतकंच: पुन्हा मोठ्या आवाजात न जाणं, ठार शांतता टाळणं, रात्री पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवणं, पोटभर झोपणं.

आता वेगळी ठेवलेली प्रकरणं. ‘थोडा वेळ’ हा शब्द फसवा आहे, कारण फटाक्याचा थोडा वेळ आणि डीजेचा थोडा वेळ सारखा नाही. मोठ्या आवाजाला कानातला एक इवलासा स्नायू आखडून थोडं संरक्षण देतो, पण त्याला कामाला लागायला सेकंदाचा काही भाग जातो. स्फोट तेवढ्यात होऊन गेलेला असतो. आपल्या नियमात बसणाऱ्या फटाक्यालाही चार मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखरापर्यंत मुभा आहे आणि मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात. कामगारांसाठी मानली जाणारी शिखर-मर्यादा १४० आहे. सुतळी बॉम्ब हातभर अंतरावर फुटला आणि नंतर कानातून रक्त आलं, दुखलं, किंवा ऐकणंच मंद झालं, तर वाट पाहू नये. तसंच एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, एकाच कानात नाद आला, नाडीच्या ठोक्यांबरोबर आवाज येऊ लागला, भोवळ आली, दडे दोन-तीन दिवसांत मोकळे झाले नाहीत, तरीही. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉईडचा उपचार असतो आणि तो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, जितका लवकर तितका बरा. खाप्याहून नागपूर पस्तीसेक किलोमीटर. तिथल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग आहे. अशा वेळी मायचं "सकाळपर्यंत जाते" ऐकायचं नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग डीजे वाजू द्या, कान तर सावरतोच. हा माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. एका रात्रीचा नाद हा निकाल नव्हे, पण वारंवार येणारा नाद हा हिशेब आहे. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हेनिसच्या तांबट आळीतले कारागीर ठोकाठोकीने बहिरे होतात हे लिहून ठेवलं. १८८६ मध्ये टॉमस बार यांनी ग्लासगोत बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले, तर एकाचंही ऐकणं धड निघालं नाही. १९६५ मध्ये डंडीच्या ज्यूट गिरणीतल्या विणकर बायांच्या तपासणीत मागावरच्या वर्षांबरोबर बहिरेपण चढत जाताना दिसलं. खापा हे विणकरांचंच गाव. कोष्ट्यांचा हातमाग खटखटतो, पण त्याने कान जात नाही; यंत्रमागांच्या शेडमध्ये मात्र शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आणि गावाला लागूनच मॉयल या कंपनीची गुमगावची मॅंगनीज खाण आहे. भूमिगत खाणीत दगडाला भोकं पाडणारं हवेच्या दाबावरचं ड्रिल ११० डेसिबलच्या पुढे जातं. आपल्याकडे खाणींत आणि कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्याच ‘नायॉश’च्या हिशेबाने ९० वर ४० वर्षं काढलेल्यांत जादा धोका ८ नव्हे, २५ टक्के. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. ड्रिलवरून वर आल्यावर रोज कान वाजत असतील, तर ती गुणगुण हलकी आहे म्हणून सोडून देता येत नाही. तिथे इअरमफ, पाळी बदलणं आणि दर वर्षी ऑडिओग्राम हे मागून घ्यावं लागतं. फोनवर रात्र काढणाऱ्या पोराची सगळी काळजी या माणसाच्या वाट्याला यायला हवी होती.

डीजेबद्दल कायदा काय सांगतो ते स्पष्ट आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर हे नियम कुठल्याही सणाला, कुठल्याही धर्माला सारखेच लागू आहेत असं बजावलं. ज्याला कानाची काळजी आहे त्याने रात्री उशीला कान लावण्यापेक्षा दिवसा नगर परिषदेत आणि पोलीस ठाण्यात हे नियम दाखवावेत, वरातीच्या मालकाशी आधीच बोलावं, गाडीपासून वीस पावलं मागे नाचावं, आणि खिशात फोमच्या बोळ्यांची जोडी ठेवावी. नीट पिळून आत बसवलेली जोडी वीसेक डेसिबल सहज खाली आणते.

आणि लहान मुलांचं काय, हे वेगळं बघावं. मोठ्या माणसाला कान वाजल्याचं कळतं आणि भीतीही वाटते. चार वर्षांचं मूल काही बोलत नाही, कारण कानात वाजणं ही बोलण्याजोगी गोष्ट आहे हेच त्याला ठाऊक नसतं. शिखर-आवाजाची मर्यादा मुलांसाठी १४० नव्हे, १२० धरावी असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. त्याला खांद्यावर घेऊन डीजेच्या गाडीपुढे उभं राहू नये. वरात घराच्या ओट्यावरूनही दिसते.